वाघजाईचे दोन खांदे

सर्वपित्री अमावस्या, दुपार. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन मी मागच्या ओट्यावर बसले आहे आणि उद्याच्या घटस्थापनेसाठी देव घासते आहे. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत भाऊ, म्हणजे माझे वडील, देखरेखीला बसले आहेत. त्यांना आता नीट दिसत नाही, पण देखरेखीला डोळे लागतात असं त्यांनी कधी मानलेलं नाही.

"अमावस्येला देव घासत्यात व्हय कुनी?"

"मला आजच वेळ हाय, भाऊ. उद्यापासनं तीन बंगल्यांची जेवनं हायेत."

"देवाला वेळ हाय का, इचारलं?"

"त्येला काय काम हाय दुसरं?"

यावर भाऊ बराच वेळ विचार करतात. आयुष्यभर त्यांनी एवढा एकच चैनीचा प्रकार केला. इतर बायांचे नवरे आणि इतर पोरांचे बाप दारू प्यायचे, पत्ते खेळायचे. आमचे भाऊ विचार करायचे. खराटा हातात धरून, बादली नळाखाली लावून, कधीकधी अर्धी बिडी विझेपर्यंत. आई म्हणायची, "यांचा इचार संपंस्तोवर भात पिकून परत उगवंल." मी आईवर गेले आहे. मला विचार करायला बसलं की मांडीला मुंग्या येतात. म्हणूनच कदाचित भाऊंच्या त्या एका विचाराबद्दल लिहायला मला इतकी वर्षं लागली. तसं त्यात लिहिण्यासारखं फार काही नाही. मुंग्या मात्र आहेत.

आम्ही तेव्हा मळवलीत, रेल्वेलाइनच्या पलीकडं, मुंबईच्या एका कुटुंबाच्या बंगल्यात राहत होतो. बंगल्यात म्हणजे बंगल्याच्या मागं. पुढं फरशीचा व्हरांडा, झोपाळा, जास्वंदीचं कुंपण. मागं पंपाची खोली आणि तिला चिकटून आमची खोली. भाऊ राखणदार, माळी, प्लंबर आणि कुत्रं नव्हतं म्हणून कुत्रंसुद्धा. आमचं एक लहानसं भातखाचर ओढ्याच्या बाजूला होतं, त्यात वर्षातले काही महिने पुरेल एवढा भात व्हायचा आणि उरलेले महिने नाचणीच्या भाकरीवर निघायचे. सोमवार ते शुक्रवार आवाज असायचे ते पंपाचे, बेडकांचे आणि घाटातून आलेल्या मालगाडीचे, जिचे डबे मोजता मोजता मला झोप लागायची. शनिवारी मालक आले की टेपवर गाणी लागायची, काचेचे ग्लास वाजायचे आणि आमच्या खोलीत आई हळू बोलायची. आमच्याच खोलीत का हळू बोलायचं, हे मला तेव्हा कळत नसे. आज माझ्या हाताखालच्या बाया बंगल्यावर गेल्या की तशाच हळू बोलतात, आणि मी त्यांना ओरडते, "तोंड उघडा, भाजी तुमी केलीय." ओरडायला मला शनिवार लागत नाही.

आमचं खाणं साधं होतं, पण वाईट नव्हतं. पावसाळ्यात ओढ्याच्या खेकड्यांचं कालवण, कुर्डूची भाजी, अळू. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, आणि बंगल्याच्या आवारातल्या दोन फणसांचे फणस, जे मालकांचे असत. मालक आले की भाऊ हातांना तेल चोपडून फणस फोडायचे, गरे काढून काचेच्या वाडग्यात ठेवायचे, आणि चार आमच्यासाठी मागून आणायचे. मागून. झाड आमच्या दाराला टेकलेलं, पण गरा मागून आणायचा. भाऊंचे या बाबतीत नियम फार कडक होते, आणि त्यातला सगळ्यात कडक नियम देवाचा होता.

बंगल्यात देवघर होतं. संगमरवरी, आत दिव्याची माळ. मालक नसताना तिथं रोज संध्याकाळी दिवा लावायचं काम भाऊंचं. ते पाय धुऊन आत जायचे, दिवा लावायचे, आणि हात न जोडता मागं बांधून उभे राहायचे, साहेबासमोर उभं राहावं तसे. मी एकदा आठवीच्या परीक्षेआधी त्या देवाला गणितात पास कर म्हणून सांगितलं, मोठ्यानं. भाऊंनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

"सुमे, ह्यो देव मालकाचा हाय. त्याला दिवा लावायचा, हार घालायचा. मागायचं न्हाई."

"का?"

"त्यांच्या फ्रिजातलं पानी पितीस का इचारल्याबिगर?"

मी पीत होते. पण तो प्रश्न वेगळा.

आमचं जे काही मागणं असेल ते वाघजाईकडं. ती टेकडीच्या पायथ्याला, उंबराखाली. काळा उघडा पाषाण, तिला शेंदूर लावायचा रिवाज नव्हता. तिच्या दिव्याची पाळी आमच्या घराकडं होती, म्हणून वाडीतल्या कुणाला कौल लावायचा असला की तो भाऊ लावायचे. पाषाणाला दोन खांद्यांसारखे उंचवटे होते आणि शेकडो बोटांनी त्यांच्या उभ्या बाजूला वाटीएवढे उथळ खळगे पडले होते. तांदळाचा एकेक दाणा पाण्यात बुडवून दोन्ही खांद्यांवर चिकटवायचा, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजव्या खांद्यावरचा दाणा आधी पडला तर देवी 'व्हय' म्हणाली. डावा पडला तर 'न्हाई'. म्हैस विकू का, पोरीला तिथं देऊ का, विहिरीला पाणी लागेल का, सगळं यावर. आता तिथं देऊळ आहे, टाइल्स आहेत, स्टीलचा कठडा आहे. देवीला चांदीचा मुखवटा आणि खाली जरीची साडी नेसवतात, त्यामुळं खांदे दिसत नाहीत. ते बरंच आहे. का बरं आहे ते पुढं येईल.

मी आठवी पास झाले त्या मे महिन्यात मालकीणबाई सुट्टीला आल्या आणि एका संध्याकाळी झोपाळ्यावर बसून त्यांनी भाऊंना सांगितलं, "भाऊ, सुमनला आमच्याकडे मुंबईला पाठवा. शाळेत घालू, आमच्याकडेच राहील, घरात थोडी मदत करेल. रविवारी आम्ही निघतोय, बरोबरच येऊ दे." बोलणं एकच होतं. मला त्यातलं फक्त मुंबई ऐकू आलं, आईला शाळा ऐकू आली, आणि भाऊंना थोडी मदत.

मी त्याच क्षणी मुंबईकर झाले. भाकरी चमच्यानं खायला लागले. भाकरी चमच्यानं खाता येत नाही हे सांगणाऱ्यांना मी अडाणी ठरवलं. मैत्रिणींना माझे जुने परकर वाटून टाकले, त्यातला एक मला पुढं मागून आणावा लागला. बकरीचा निरोप मी हिंदीत घेतला. मुंबईत हिंदी लागते असं ऐकलं होतं आणि सराव करायला दुसरं कुणी ऐकून घेत नव्हतं. आपण तिथं काय काम करणार, कुठं झोपणार, घरची आठवण आली तर कुणाला सांगणार, यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात होती ती लिफ्ट.

आई मला दिवसभर बोलत होती. "जा, जा. तितं भांडी घासशील तवा कळंल. हितं एक ताट उचलत न्हाई आन् चालली मुंबईला." त्यावरून सगळ्यांना वाटलं, आईला मला पाठवायचं नाही. शिवाय पुढं लावणीचे दिवस, तिला माझे दोन हात हवे होते. भाऊ मात्र काहीच बोलत नव्हते. फणस फोडत होते, झाडांना पाणी घालत होते आणि विचार करत होते. त्यावरून सगळ्यांना वाटलं, भाऊ मालकांच्या शब्दाबाहेर नाहीत, पोरगी गेलीच. मालकांना नाही म्हणायचं म्हणजे बंगल्याची चावी परत द्यायची, आणि चावीबरोबर खोली, पंप, बल्ब सगळंच.

शुक्रवारी भाऊंनी जाहीर केलं, "उद्याच्याला कौल लावू. वाघजाई काय म्हनती ते करू." पुढं फार वर्षांनी एकदा ते मला म्हणाले होते, "मोठ्या मान्साला न्हाई म्हनायला गरिबाला देव लागतो, सुमे. आपलं न्हाई कोन ऐकतं? देवाचं ऐकावं लागतं." त्या शुक्रवारी मला एवढं काही कळत नव्हतं. देवी 'व्हय' म्हणणार याबद्दल मला शंका नव्हती. ती का 'न्हाई' म्हणेल? तिला थोडीच लावणीला माणूस कमी पडत होतं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं उंबराखाली गेलो. शेजारची गंगामावशी आमच्या आधीच येऊन बसली होती. कुणाचाही कौल असो, गंगामावशी असायचीच. तिला घरी सून होती आणि बाहेर देवी. भाऊंनी दिवा लावला, पाण्याच्या तांब्यात दाणे बुडवले, एक उजव्या खांद्यावर दाबला, एक डाव्या, आणि म्हणाले, "आई, पोरगी मुंबईला धाडू का? व्हय असंल तर उजवा दे. न्हाई असंल तर डावा दे." आणि हात जोडले. इथं मात्र जोडले.

आम्ही वाट पाहू लागलो. एरवी पाणी सुकलं की कुठला तरी दाणा लगेच सुटायचा. मे महिन्यातलं ऊन, पाणी कधीच सुकलं होतं. दाणे पांढरे कोरडे दिसत होते आणि दोन्ही जागचे हलत नव्हते. सकाळची गाडी गेली. गुरं रानात गेली. ऊन उंबराच्या सावलीत शिरायला लागलं. मी मनातल्या मनात उजव्या दाण्याला हिंदीत हुकूम देत होते.

"देवी झोपली का काय रं?" गंगामावशी म्हणाली.

"इचार करती," भाऊ म्हणाले.

"तुज्यावानी? मंग दुपार झाली म्हनायची."

आई काहीच बोलत नव्हती. आई गप्प बसणं ही आमच्या घरात पावसाळ्यात धूळ उडण्याइतकी दुर्मिळ गोष्ट. भाऊ घाम पुसत होते आणि उजव्या खांद्याकडं एकसारखे बघत होते. मीही उजवीकडंच बघत होते. त्यामुळं डावीकडं काय चाललंय ते पहिल्यांदा गंगामावशीला दिसलं.

"आगं बया, मुंग्या लागल्या देवीला!"

पाषाणाच्या बुडापासून डाव्या खांद्यापर्यंत मुंग्यांची बारीक रांग लागली होती. खळग्यात त्यांची गर्दी झाली होती आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी तांदळाचा दाणा हलवला, फिरवला, उचलला आणि मिरवत खाली घेऊन निघाल्या.

"डावा गेला," गंगामावशी म्हणाली. "म्हंजी न्हाई म्हनली. पन मुंगीनं नेला त्यो पडला म्हनायचा, का नेला म्हनायचा?" कायद्याचा प्रश्न बरोबर होता. तिनं उठून डाव्या खळग्यात बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. "गूळ! आगं, गूळ हाय हितं!"

आई म्हणाली, "मी लावला."

तिनं पदर खोचलेला होता तो सोडला आणि परत खोचला. "सकाळी सडा घालाय आलते तवा लावला. डावा चिकटून ऱ्हावा म्हनून. उजवा पडंल, पोरगी जाईल. जाऊ द्या तिला. माज्यावानी जलमभर चिखलात उभी ऱ्हायला नगं. शाळंत तरी जाईल."

भाकरी चमच्यानं खाणाऱ्या मुलीनं त्या क्षणी काय करावं? मला आयुष्यभर ताट उचलण्यावरून बोलणारी बाई देवीला गूळ लावून मला मोकळं करायला निघाली होती. आणि तोच गूळ मुंग्यांनी खाल्ला. आईच्या गुळानंच डावा दाणा नेला. कौल पडला होता. 'न्हाई.' भाऊंना फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्यांच्याइतका तयार माणूस मावळात नव्हता.

ते उठले. उजव्या खांद्यापाशी गेले आणि त्यांनी दाणा काढायला बोट लावलं. दाणा निघाला नाही. नखानं खरवडला, तेव्हा त्याच्याबरोबर रबरासारखी तार ओढली गेली.

"चीक," ते म्हणाले. "फनसाचा. काल सांजच्याला दिवा लावाय आलतो तवा लावला. उजवा पडू नये म्हनून."

गंगामावशी एकदा आईकडं आणि एकदा भाऊंकडं बघत होती. मग ती खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. "आरं, एकानं गूळ, एकानं चीक! देवीनं बोलायचं कसं? दोन्ही खांद्यांनी धरून ठिवली की रं तिला!" हसता हसता तिला खोकला आला आणि मी तिला कौलाच्या तांब्यातलं पाणी पाजलं. पाजू नये. पण पाजलं.

भाऊ हसले नाहीत. पाषाणापुढं बसून राहिले. मला वाटलं, हा माणूस आता घाबरला. देवीच्या पाळीचा माणूस, त्यानंच तिला फसवलं. आई पण तेच समजली असावी, ती म्हणाली, "दंड म्हनून नारळ फोडू. मी पन फोडते." भाऊंनी मान हलवली.

"नारळाचं काय न्हाई गं. मी सारखा म्हनतो देवाला इचारू, देवाला इचारू. आन् इचारायच्या आधी तिच्या तोंडात माजंच उत्तर कोंबलं. मंग इचारलं कुनाला?" बोटावरचा चीक चोळत म्हणाले, "पोरगी मला पायजे हितं. ते तोंडानं म्हनायचं तर देवीच्या खांद्याला लावलं."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला काय वाटतंय, सुमे?"

घरात हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. माझी पूर्ण तयारी होती. हिंदीतसुद्धा होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "तितं मला रात्री भ्या वाटलं तर?" आणि रडायला लागले. लिफ्टचा विषय निघालाच नाही. आज माझ्या स्वयंपाकघरात रडायची परवानगी फक्त कांदा चिरणाऱ्याला आहे, आणि मी स्वतः कांदा दुसऱ्याला देते.

चहाच्या वेळेला भाऊ पाय धुऊन व्हरांड्यासमोर गेले. आई आणि मी जास्वंदीच्या आड. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी वाकली. देवीचं नाव पुढं करायला सगळं तयार होतं: डावा गेलेला गंगामावशीनं स्वतः बघितला होता आणि तिनं ते एव्हाना वाडीभर केलं असणार.

"बाई," भाऊ म्हणाले, "सुमन येनार न्हाई."

बाईंनी कप खाली ठेवला. "का हो? गंगाबाई सांगत होत्या कौल लावलात म्हणून. देवीनं 'नाही' सांगितलं का?"

"देवीनं न्हाई. मी सांगतोय."

बाईंनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही तिचं नुकसान करताय, भाऊ."

"आसंल, बाई. करतोय."

"आणि विचारायचंच होतं तर आमच्या देवघरात विचारायचं. घरातच तर देव आहे."

"त्यो तुमचा हाय," भाऊ अगदी साधेपणानं म्हणाले. "त्यो तुमच्या बाजूनं बोलला असता."

यात टोमणा नव्हता. भाऊंना टोमणा येत नाही, तो विभाग आईचा. त्यांचा तो नियमच होता. बाईंना मात्र तो टोमणा वाटला असावा, किंवा नसावा, त्यांनी भाऊंकडं पाहिलं, कप उचलला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पंपाचा आवाज येतोय, बघून घ्या." चावी परत मागितली नाही. त्या वर्षी दिवाळीला कपड्यांची पिशवी आली नाही, पुढच्या वर्षी आली. चावी भाऊंच्या कमरेला राहिली, बंगला विकला जाईपर्यंत आणि नंतरही.

खोलीत आल्यावर भाऊ भिंतीला टेकून बसले. बिडी कानावर असताना ती खिशात शोधत राहिले. आईनं भाकरीची परात ओढली.

"न्हाई म्हनून आलात, बरं केलंत," ती म्हणाली. "आता माजं ऐका. पोरगी दहावी होईस्तोवर चिखलात पाय घालनार न्हाई. शाळा एक दिस चुकनार न्हाई."

"आन् लावनीला कोन?"

"तुमी लावा. तुमाला चिकटवायचं चांगलं जमतंय."

भाऊ तेव्हा हसले. पुढं त्यांनी खरंच दोन पावसाळे माझ्या वाटणीची रोपं लावली, कमरेत वाकून, चुकीच्या अंतरावर. आई मागून जाऊन ती उपटून परत लावायची. मी दहावी झाले. एवढं शिकून काय केलं म्हणाल, तर भाकऱ्याच थापते, बंगल्यांवर पोचवते आणि लिफ्ट अजून मला आवडत नाही.

"काय लिव्हतीस?" भाऊ आता विचारत आहेत. देव घासून झाले, पाटावर वाळत घातले आहेत.

"वाघजाईचं."

"कंचं?"

"चिकाचं."

ते मान हलवतात. "निघाला का त्यो?" असं विचारतात. दर वर्षी विचारतात. मी दर वर्षी सांगते, साडीखाली हाय, दिसत न्हाई.

तर त्या दिवसाचं राहिलेलं. रविवारी सकाळी, मालकांची गाडी निघायच्या आधी, आईनं मला बादली, राख आणि काथ्या देऊन वाघजाईकडं पाठवलं. दोघांचा दंड मी भरायचा, अशी आमच्या घरची पद्धत. मी डावा खांदा घासला. पहिल्याच पाण्याला गूळ निघाला, मुंग्यांसकट. मग उजवा घासला. चीक रात्रीत काळा पडला होता आणि मी घासला तसा आणखी काळा झाला. फणसाचा चीक पाण्यानं निघत नाही, तेलानं निघतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं, आणि देवीसमोरच्या पणतीत तेल होतं. मी त्याच्याकडं बघितलं, चीक तसाच राहू दिला, उरलेलं पाणी उंबराच्या बुडाला ओतलं आणि रिकामी बादली घेऊन बंगल्यावर झाडलोट करायला गेले.